एलीट डेंजरसमध्ये प्रकाशापेक्षा वेगाने: निघायचं कसं आणि थांबायचं कसं

"दादा, स्टेशन समोर दिसत होतं, अंतराचा आकडा भराभर उतरत होता, आणि एकदम ते मागे कसं काय गेलं?"

आमच्या सोलापुरात हा अवकाशजहाज चालवायचा गेम उघडणारं प्रत्येक पोरगं पहिल्या आठवड्यात हा प्रश्न विचारतं. वेग कसा वाढवायचा, हे कोणी विचारत नाही, कारण थ्रॉटल पुढे ढकलला की जहाज पळतं. अडतं ते थांबताना. एलीट डेंजरसमधल्या प्रकाशापलीकडच्या प्रवासाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर मी ही सांगेन: जहाजाचा वेग तुमच्या थ्रॉटलपेक्षा आसपासचं गुरुत्व जास्त ठरवतं. हे डोक्यात बसलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

गेमची ओळख थोडक्यात. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी १९८४ मध्ये केलेल्या 'एलीट' या गेमचा हा वारसदार. ब्रिटनच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सने तो डिसेंबर २०१४ मध्ये पीसीवर आणला. यात आपली आकाशगंगा खऱ्या मापात उभी केली आहे, सुमारे ४० हजार कोटी तारकामंडलांसकट (मंडल म्हणजे तारा आणि त्याच्याभोवतीचे ग्रह). प्रवासाचे इतके प्रकार यात का आहेत, त्याचं उत्तर या खऱ्या मापातच आहे. पृथ्वी सूर्यापासून सुमारे ५०० प्रकाशसेकंदांवर, म्हणजे प्रकाशाला तिथून इथवर यायला आठ मिनिटं आणि वर काही सेकंद लागतात. स्टेशनजवळ सेकंदाला दोन-चारशे मीटरने उडणाऱ्या जहाजाने ते अंतर कापायचं म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही.

तीन अवस्था, तीन वेग

गेममध्ये जहाज कायम तीनपैकी एका अवस्थेत असतं. पहिली साधं अवकाश. स्टेशनवर उतरणं, लढाई, खाणकाम, सगळं इथेच. दुसरी सुपरक्रूझ. यात एकाच तारकामंडलाच्या आत, एका ग्रहाकडून दुसऱ्याकडे, प्रकाशाच्या कितीतरी पट वेगाने जाता येतं आणि जहाज पूर्ण वेळ तुमच्या हातात असतं. तिसरी हायपरस्पेस, म्हणजे एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे उडी. त्या बोगद्यात तुमच्या हातात काहीच नसतं. उडी तीन प्रकाशवर्षांची असो की तीसची, बोगद्यातला वेळ साधारण सारखाच लागतो.

मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने आलेला माणूस सोलापूर स्टेशनवरच उतरतो, गाडी त्याला जुळे सोलापुरात नेऊन सोडत नाही. पुढे रिक्षा, आणि बोळातलं शेवटचं अंतर पायी. हायपरस्पेस ही ती गाडी, सुपरक्रूझ ही रिक्षा, साधं अवकाश म्हणजे बोळ. उडी मारली की तुम्ही नेहमी त्या मंडलाच्या मुख्य ताऱ्यासमोरच बाहेर पडता. स्टेशन तिथून १०० प्रकाशसेकंदांवर असेल किंवा दोन लाखांवर, ते अंतर सुपरक्रूझनेच काटायचं.

दोन्ही कामं एकच यंत्र करतं: फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह, खेळाडूंच्या तोंडी 'एफएसडी'. कल्पना अशी की जहाज अवकाशातून धावत नाही, जहाजाभोवतीचं अवकाशच सरकतं. मेक्सिकोचे भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ मध्ये याच वळणाची कल्पना समीकरणांत मांडली होती. प्रत्यक्षात त्यासाठी ऋण ऊर्जा लागेल आणि ती आणायची कुठून, हा प्रश्न तिथेच थांबलेला आहे. गेमला तो अडवत नाही.

'सुपरक्रूझनेच सरळ दुसऱ्या ताऱ्याकडे गेलं तर?' असंही कोणीतरी विचारतंच. सुपरक्रूझचा कमाल वेग प्रकाशाच्या २००१ पट आहे. सूर्यापासून अल्फा सेंटॉरी ४.३७ प्रकाशवर्षं. गणित करा, जवळपास १९ तास येतात. आणि इतके तास बसून पोहोचलात तरी तिथे काही नसेल, कारण दुसरं मंडल उडी मारल्याशिवाय गेम उघडतच नाही.

निघताना

स्टेशनमधून बाहेर पडल्या पडल्या नवखा माणूस एफएसडीचं बटण दाबतो आणि काही होत नाही. कारण बहुतेक वेळा मास लॉक असतं. स्टेशनसारख्या जड वस्तूच्या फार जवळ ड्राइव्ह चार्जच होत नाही. पडद्यावर उजवीकडे मास लॉकचा दिवा असतो, तो विझेपर्यंत सरळ पुढे जात राहा. बूस्ट, म्हणजे इंजिनाचा क्षणभराचा जादा जोर, दिला तर हे काही सेकंदांचं काम आहे. जवळ तुमच्यापेक्षा मोठं जहाज असेल तरही मास लॉक लागतं, पण तेव्हा सुपरक्रूझसाठीचं चार्जिंग थांबत नाही, नुसतं लांबतं. आणि हायपरस्पेसच्या उडीवर तर जहाजांच्या वजनाचा काही परिणाम होत नाही. हा शेवटचा तपशील आत्ता किरकोळ वाटेल, लुटारू मागे लागला की तो जीव वाचवतो. त्याबद्दल पुढे.

दिवा विझला तरी ड्राइव्ह हलत नसेल तर तीन गोष्टी बघा: उतरायचे पाय आत घेतलेत का, शस्त्रं आत आहेत का, माल उचलायचा स्कूप बंद आहे का. तिन्हींपैकी एक उघडं राहिलं तरी ड्राइव्ह सुटत नाही, आणि पडद्यावर तशी सूचना येते, जी कोणी वाचत नाही.

चार्ज झाल्यावर पडद्यावर दिशेची खूण दिसते. नाक तिच्याकडे वळवा, थ्रॉटल पूर्ण पुढे. लक्ष्य कुठे आहे ते कळत नसेल तर रडारशेजारच्या छोट्या गोल होकायंत्राकडे पाहा. आतला ठिपका भरीव असेल तर लक्ष्य पुढे, पोकळ असेल तर मागे. रात्री अकरानंतर माना मोडून खिडकीतून शोधत बसणारे मी बघितलेत. त्यांनी या ठिपक्याकडे एकदा बघितलं तरी पुरे.

सुपरक्रूझ: वेग ठरवणारं गुरुत्व

सुपरक्रूझमध्ये थ्रॉटल शून्यावर आणला तरी जहाज थांबत नाही. कमीत कमी वेग सेकंदाला ३० किलोमीटर राहतोच. सोलापूर ते पुणे रस्त्याने सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे या 'बंद' थ्रॉटलवरही साडेआठ सेकंदांच्या आत पुणं. हे लक्षात असेल तर पडद्यावरच्या आकड्यांचा अंदाज येतो. तिथे अंतर तीन एककांत दिसतं. 'एलवाय' म्हणजे प्रकाशवर्ष. 'एलएस' म्हणजे प्रकाशसेकंद, सुमारे ३ लाख किलोमीटर. 'एमएम' म्हणजे मेगामीटर, १००० किलोमीटर. नवख्याला 'एलएस' संपून 'एमएम' सुरू झालं की वाटतं, आता आलंच. प्रत्यक्षात एक प्रकाशसेकंद म्हणजे जवळपास ३०० मेगामीटर असतात.

आता मुख्य मुद्दा. तारा किंवा ग्रह जवळ असेल तर जहाजाला वेग घेता येत नाही. त्यापासून जितकं लांब जाल तितका वेग वाढत जातो. म्हणूनच ताऱ्यासमोर बाहेर पडल्यावर पहिली काही मिनिटं जहाज सुस्त वाटतं, आणि मधल्या मोकळ्या जागेत अचानक शंभरपट, दोनशेपट दिसायला लागतं. यातून एक सवय लावून घ्या: तारा आणि तुमचं लक्ष्य एका रेषेत असेल तर ताऱ्याला घासून सरळ जाऊ नका. थोडं तिरकं, मंडलाच्या पातळीच्या वर किंवा खाली निघा, गुरुत्वातून लवकर सुटा, मग लक्ष्याकडे वळा. रस्ता लांब पडतो, वेळ वाचतो. वाटेत मोठा वायूग्रह येत असेल तर त्यालाही असाच वळसा.

थांबायचं कसं

स्टेशनवर सुपरक्रूझमधून बाहेर पडायला दोन अटी आहेत. अंतर १ मेगामीटरच्या आत हवं, आणि वेग सेकंदाला १ मेगामीटरपेक्षा कमी. दोन्ही जमलं की पडद्यावर 'सेफ डिसएंगेज' असं येतं, बटण दाबलं की तुम्ही स्टेशनपासून काही किलोमीटरवर साध्या अवकाशात.

पद्धत अशी. लक्ष्य निवडा, नाक त्याच्यावर ठेवा, थ्रॉटल पूर्ण. लक्ष्याच्या नावाखाली वेळ दिसतो: आत्ताच्या वेगाने पोहोचायला किती लागतील. हा वेळ उतरत उतरत ०:०७ वर आला की थ्रॉटल ७५ टक्क्यांवर आणा. थ्रॉटलच्या पट्टीवर निळा भाग दिसतो, त्याच्या मध्याजवळ. आणि मग हात काढून घ्या. ०:०७ किंवा ०:०६ हा आकडा तिथेच खिळून राहील, वेग आपोआप उतरत जाईल.

बहुतेक मार्गदर्शक इथे थांबतात. पण हे असं का होतं ते कळलं तर ०:०७ विसरलात तरी चालेल.

पोहोचायचा वेळ म्हणजे उरलेलं अंतर भागिले वेग. तो सातवर स्थिर राहतो, याचा अर्थ वेग कायम उरलेल्या अंतराच्या एक सप्तमांश आहे. अंतर कमी झालं की वेगही त्याच प्रमाणात कमी. म्हणजे दर पाच सेकंदांनी उरलेलं अंतर साधारण अर्धं होत जातं. समजा स्टेशन १००० प्रकाशसेकंदांवर आहे, म्हणजे ३० कोटी किलोमीटर. तिथपासून १००० किलोमीटरपर्यंत यायला अंतर तीन लाख पटींनी कमी करायचंय, म्हणजे साधारण अठरा वेळा अर्धं. अठरा गुणिले पाच, नव्वद सेकंद. दीड मिनिटात तीस कोटी किलोमीटर, आणि शेवटी १ मेगामीटरवर तुमचा वेग असतो सेकंदाला सुमारे १४३ किलोमीटर, मर्यादेच्या कितीतरी आत.

मग लोक पुढे का निघून जातात? कारण थ्रॉटल मागे घेतल्याबरोबर वेग उतरत नाही. जहाज आधीच्या वेगातून हळूहळू बाहेर येतं. वेळ ०:०४ वर येईपर्यंत पूर्ण थ्रॉटल दाबून धरला, तर उरलेलं अंतर जहाजाच्या मंदावण्याच्या ताकदीपेक्षा लवकर संपतं. मग थ्रॉटल शून्य केला तरी उपयोग नसतो, स्टेशन शेजारून निघून जातं. जगभरचे खेळाडू या प्रकाराला 'लूप ऑफ शेम' म्हणतात. स्टेशन पुढे, स्टेशन मागे, परत पुढे, परत मागे.

त्यातून सुटायची रीत: घाईने वळू नका. थ्रॉटल आधी निळ्या भागात आणा, जहाज वळण्याचा कमाल दर त्या भागातच देतं. नाक लक्ष्यावर आलं की वेळ बघा. सातपेक्षा जास्त असेल तर ७५ टक्के पुरे. कमी असेल तर शून्यावर आणून वेळ पुन्हा सातवर चढेपर्यंत थांबा. चिडून पूर्ण थ्रॉटल दिलात की आणखी एक फेरी पक्की.

वेग जास्त असताना जबरदस्तीने बाहेर पडताही येतं. बटण पुन्हा दाबलं की आपत्कालीन ड्रॉप. जहाजाला मार बसतो, जहाज गरागरा फिरतं, आणि ड्राइव्ह थंड व्हायला नेहमीपेक्षा बराच वेळ घेतो. शत्रू मागे नसेल तर हे करायचं कारण नाही.

गुरुत्वाचाच ब्रेक

०:०७ चा नियम सरळ आला की जरा धाडस करून बघा. ग्रहाभोवतीच्या स्टेशनकडे जाताना पूर्ण थ्रॉटलवर, वेळ चार-पाच सेकंद दिसत असतानाही, थेट स्टेशनकडे न जाता ग्रहाच्या अंगावरून जायची दिशा धरा. ग्रहाजवळ आलात की गुरुत्व तुम्हाला अडवतं आणि वेग थ्रॉटलला हात न लावता धाडकन उतरतो. ग्रहाला एक छोटा वळसा घालून स्टेशनकडे वळलात की तुम्ही नियम पाळणाऱ्यापेक्षा आधी पोहोचलेले असता.

याचा दुसरा फायदा आणखी चांगला. कोरिओलिस प्रकारच्या स्टेशनांचं दार ग्रहाच्या बाजूला असतं. ग्रहाकडून आलात तर दार समोर, नाहीतर स्टेशनला अर्धी प्रदक्षिणा घाला. मात्र ग्रहाभोवतीच्या निषिद्ध कक्षेच्या आत शिरू नका, तिथे गेम तुम्हाला ओढून बाहेर फेकतो.

उतरता येण्याजोग्या ग्रहांजवळ एक चौथी पायरी येते. ग्रहाच्या पुरेसं जवळ गेलात की सुपरक्रूझचं ऑर्बिटल क्रूझ होतं, पडद्यावर उंची आणि उतरण्याचा कोन दिसायला लागतो. कोन निळ्या पट्ट्यात ठेवून खाली आलात की जहाज ग्लाइडमध्ये शिरतं, सेकंदाला अडीच किलोमीटर वेगाने घसरत. कोन फार तीव्र केला किंवा फार सपाट केला की ग्लाइड मध्येच तुटतं आणि उरलेलं अंतर साध्या इंजिनाने रखडत जावं लागतं.

फुकटचं जहाज आणि दीड तास

एक दिवस कोणीतरी अनोळखी खेळाडू तुम्हाला सांगेल की हटन ऑर्बिटलला जा, तिथे अ‍ॅनाकोंडा जहाज फुकट मिळतं. मिळत नाही. हा या गेममधला जुना विनोद आहे. हटन ऑर्बिटल अल्फा सेंटॉरी मंडलातच आहे, पण मुख्य ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्षांवर. साध्या ड्राइव्हने तिथे जायला सुमारे दीड तास लागतो. दीड तास सरळ रेषेत, समोर काळोख. कुठल्याही मंडलात जायच्या आधी नकाशावर स्टेशनचं मुख्य ताऱ्यापासूनचं अंतर बघायची सवय लावा. माल पोहोचवायचं काम घेतानाही तेच. पैसे दुप्पट आणि स्टेशन पाच लाख प्रकाशसेकंदांवर, असा व्यवहार मी घेत नाही.

हायपरस्पेसची उडी

आकाशगंगेचा नकाशा उघडा, मंडल निवडा, मार्ग आखायला सांगा. काही मंडलांना परवाना लागतो, आपली सूर्यमालाही त्यातलीच, तिथे सुरुवातीला उडी मारता येत नाही. मार्ग तयार झाला की पुढच्या ताऱ्याकडे नाक करा आणि ड्राइव्ह चार्ज करा. पुढचा तारा सध्याच्या ताऱ्याच्या किंवा ग्रहाच्या मागे दडलेला असेल तर 'ऑब्स्क्युअर्ड' अशी सूचना येते. तेव्हा वळसा घालून तो दिसेपर्यंत पुढे जायचं. ताऱ्याच्या अगदी जवळ चार्ज करू नका, चार्जिंगनेही जहाज तापतं आणि ताऱ्यानेही.

उडी सुरू झाली, बोगदा दिसायला लागला, की तिथल्या तिथे थ्रॉटल शून्यावर आणा. ही सवय हाताला लागली पाहिजे. बाहेर पडताना जहाजाचं नाक थेट ताऱ्याकडे असतं. थ्रॉटल पूर्ण राहिला आणि तुम्ही तेवढ्यात चहा घ्यायला उठलात, तर परत येईपर्यंत जहाज ताऱ्याच्या निषिद्ध कक्षेत आदळून साध्या अवकाशात पडलेलं असतं, आणि तापमान चढत असतं. तसं झालंच तर नाक ताऱ्याच्या उलट दिशेला करा, ड्राइव्ह थंड होईपर्यंत लांब जात राहा, हीट सिंक (जहाजाची उष्णता बाहेर टाकणारी साधनं) असतील तर सोडा.

इंधनाकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण उडीला लागणारं इंधन अंतराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. सर्वांत लहान ड्राइव्हमध्ये ते अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, मोठ्या ड्राइव्हमध्ये त्याहूनही जलद. म्हणजे उडी निम्म्या अंतराची केली तर इंधन एक चतुर्थांश. एका पूर्ण उडीऐवजी अर्ध्या अर्ध्या दोन मारल्या तर एकूण खर्च निम्मा. नकाशात मार्गाचे दोन पर्याय असतात ते यामुळेच. जलद मार्ग कमी उड्यांचा, काटकसरीचा मार्ग जास्त उड्यांचा पण इंधन वाचवणारा. ताऱ्यावरून इंधन भरणारा फ्युएल स्कूप नसेल तर काटकसरीचा, असेल तर डोळे मिटून जलद.

वजनाचं तेच. माल भरला की उडीचा पल्ला घटतो. नकाशात मालाचं वजन आधी टाकून मार्ग आखता येतो. रिकाम्या जहाजाने आखलेला मार्ग माल भरल्यावर अर्ध्यात तुटतो, म्हणून परतीचं गणित निघतानाच करा. इंधनालाही वजन असतंच, टाकी रिकामी होत गेली की पल्ला थोडा वाढतो.

ताऱ्यावरून इंधन

फ्युएल स्कूप असेल तर काही ताऱ्यांच्या अंगावरून जाताना टाकी भरता येते. ते तारे म्हणजे के, जी, बी, एफ, ओ, ए, एम या वर्गांचे. खेळाडू ही अक्षरं 'केजीबी फोम' अशी लक्षात ठेवतात. आपला सूर्य जी वर्गात येतो. तपकिरी बटू, श्वेत बटू, न्यूट्रॉन तारे यांच्याकडून इंधन मिळत नाही. नकाशात ताऱ्यांच्या वर्गाची चाळणी लावा आणि मार्गालाही ती लागू करा, म्हणजे वाटेत तहानलेलं राहायची वेळ येत नाही.

भरायची रीत: बाहेर पडलात, थ्रॉटल शून्य, तारा समोर. नाक बाजूला वळवा म्हणजे ताऱ्याची कड खिडकीच्या एका बाजूला राहील. हळू थ्रॉटल देत कडेने सरका. स्कूप चालू झाला की भरण्याचा दर दिसतो. जवळ गेलात की दर वाढतो, तापमानही. तापमान साठ-सत्तर टक्क्यांवर स्थिर राहील असं अंतर धरा. शंभरच्या वर गेलं की आतल्या यंत्रांना मार बसायला लागतो. मे महिन्यात चाळिशीपार सोलापुरात पंख्याखाली बसून हे करताना पडद्यावरचा तो लाल आकडा जरा जास्तच खरा वाटतो, पण घाबरून थ्रॉटल पूर्ण देऊ नका. नाक ताऱ्यापासून दूर करा, मग वेग.

इंधन संपत आलंय आणि जवळ एकही भरण्याजोगा तारा नाही, असं झालं तर उड्या मारणं आणि सुपरक्रूझमध्ये भटकणं थांबवा. 'फ्युएल रॅट्स' नावाचा खेळाडूंचा स्वयंसेवी गट अशा अडकलेल्यांना शोधून इंधन आणून देतो. इंधन पूर्ण संपून प्राणवायूची उलटी मोजणी सुरू झाली असेल तर आधी गेममधून बाहेर मेनूवर जा, मग त्यांना कळवा. मोजणी तिथे थांबते.

न्यूट्रॉन ताऱ्याची झेप

लांबच्या प्रवासात, समजा गेममध्ये सूर्यापासून २५,९०० प्रकाशवर्षांवर असलेल्या सॅजिटेरियस ए-स्टार या कृष्णविवराकडे निघालात, तर न्यूट्रॉन तारे उपयोगी पडतात. त्यांच्या ध्रुवांतून निघणाऱ्या झोतातून सुपरक्रूझमध्ये गेलात की ड्राइव्ह भारला जातो आणि पुढच्या एका उडीचा पल्ला नेहमीच्या ड्राइव्हला चौपट मिळतो. श्वेत बटूच्या झोतातून दीडपट. झोताच्या टोकाकडून शिरा, मुळाकडे जाऊ नका. आत जहाज हिंदकळतं, ते सरळ करायला फार धडपडू नका, दिशा बाहेरची राहील एवढं बघा. श्वेत बटूचं तर मी कोणाला सुचवतच नाही. फायदा थोडा, आणि त्याची निषिद्ध कक्षा झोताला इतकी चिकटून असते की चूक झाली तर जहाज जातं.

प्रत्येक वेळी ड्राइव्हला थोडा मार बसतो. दुरुस्तीचं यंत्र बरोबर असल्याशिवाय न्यूट्रॉनच्या रस्त्याला लागू नका.

वाटेत कोणी अडवलं तर

सुपरक्रूझमध्ये दुसरं जहाज तुम्हाला खेचून साध्या अवकाशात आणू शकतं, त्याला इंटरडिक्शन म्हणतात. पडद्यावर निळी सुटकेची खूण फिरायला लागते, नाक तिच्यावर ठेवता आलं तर सुटलात. संगणकाच्या लुटारूंशी हे बऱ्याचदा जमतं. पण जड मालवाहू जहाजाने झगडून हरलात तर मार बसतो आणि ड्राइव्ह बराच वेळ बंद राहतो. माझ्या मते मालवाहूने झगडूच नये. थ्रॉटल शून्यावर आणून शरण जा. तेव्हा ड्राइव्ह लवकर थंड होतो. बाहेर पडल्याबरोबर बूस्ट द्या, आणि सुपरक्रूझऐवजी दुसऱ्या मंडलाची उडी चार्ज करा. समोरचं जहाज तुमच्यापेक्षा मोठं असलं तरी त्याचं वजन उडीला अडवत नाही, हे वर सांगितलंच. म्हणून मालाची फेरी सुरू करतानाच जवळचं एखादं मंडल मनात धरून ठेवा.

सुपरक्रूझ ओव्हरचार्ज आणि असिस्ट

२०२४ मध्ये गेममध्ये एक नवा प्रकार आला: सुपरक्रूझ ओव्हरचार्ज. तशा ड्राइव्हने सुपरक्रूझमध्ये असताना बूस्टसारखा जोर देता येतो, आणि गुरुत्वाने घातलेली मर्यादा बऱ्याच अंशी झुगारता येते. लाखभर प्रकाशसेकंदांवरची स्टेशनं त्यामुळे आवाक्यात आली. किंमत तीन प्रकारे मोजावी लागते. इंधन धो धो जळतं, जहाज तापतं, आणि जुन्या जहाजांत सुकाणू थरथरतं, नाक लक्ष्यावर ठेवणं अवघड होतं. पायथन मार्क टू किंवा मँडले यांसारखी नवी जहाजं या ड्राइव्हसाठीच बांधली आहेत, त्यांत हा त्रास बराच कमी.

वापरताना जोर तुकड्यातुकड्यांत द्या, इंधनाच्या काट्यावर नजर ठेवून. परतायला एका उडीचं इंधन उरलंच पाहिजे. आणि लक्ष्याच्या जवळ येण्याच्या बरंच आधी बंद करा. यात लूप ऑफ शेमची फेरी साध्यापेक्षा कितीतरी मोठी पडते.

सुपरक्रूझ असिस्ट नावाचं छोटं यंत्रही मिळतं. लक्ष्य निवडून असिस्ट चालू केलं, नाक जुळवलं, थ्रॉटल निळ्या भागात ठेवला की ते तुम्हाला स्टेशनवर आपोआप सोडतं. हाताने चालवण्यापेक्षा थोडा वेळ जास्त घेतं. आमच्याकडची धाकटी पोरं पहिल्याच दिवशी ते बसवतात. मी त्यांना आधी हाताने थांबायला शिकवतो, मग बसवू देतो. ज्या दिवशी इंटरडिक्शन होईल किंवा दुसऱ्या कशासाठी जागा करायला ते यंत्र काढावं लागेल, त्या दिवशी हातालाच माहीत असावं लागतं.

पहिले पैसे कुठे घालावे

लढाई आवडत असली तरी पहिली कमाई तोफांवर उडवू नका. सुरुवातीच्या साइडवाइंडर जहाजाचा मूळ उडीचा पल्ला सात-आठ प्रकाशवर्षांचा, त्यात निम्मी मंडलं आवाक्याबाहेर राहतात. एफएसडी 'ए' या सर्वांत वरच्या दर्जाचा घ्या, बाकी जड आणि बिनकामाच्या गोष्टी 'डी' दर्जाच्या, कारण त्या दर्जाचं वजन सर्वांत कमी असतं. पुढे डेसिॲट मंडलातल्या फेलिसिटी फारसीअर या अभियंतीकडून ड्राइव्हचा पल्ला वाढवून घेता येतो. गार्डियन एफएसडी बूस्टर आणलात तर मोठ्यातला मोठा आणखी १०.५ प्रकाशवर्षं देतो, पण त्याच्यासाठी गार्डियन या गेममधल्या लुप्त परग्रही जमातीच्या अवशेषांमध्ये बरीच पायपीट आहे.

ड्राइव्हनंतर फ्युएल स्कूप, आणि जागेत बसेल तेवढा मोठा. छोट्या स्कूपने टाकी भरायला ताऱ्याजवळ जास्त वेळ घुटमळावं लागतं, आणि जहाज तापतं ते नेमकं त्या वेळात.